डेड स्टॉक

मागच्या आठवड्यात शहागंजात भंगाराच्या एका हातगाडीवर सात कॉम्प्युटर बघितले. मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, तारांचा गुंता. वर एक फुटकी बादली, खाली सायकलीच्या रिंगा. सीपीयूच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेले. डी. एस. आर. १४ ते २०. शाळेचं नाव कुणीतरी चाकूनं खरवडून काढलेलं. नंबर खरवडायचा राहिला.

चाचाला विचारलं, "चाचा, ये चलते क्या?"

चाचा हसला. "चलते तो मेरे पास कायकू आते मियाँ?"

मी कीबोर्ड हातात घेतला. धूळ होती, पण अक्षरं कोरी करकरीत. एकही बटण झिजलेलं नाही. दोस्तहो, वापरलेली वस्तू झिजते. माझ्या मायच्या हातातला खराटा बघा, बापाच्या हातातली थापी बघा. हे कॉम्प्युटर वापरून मेले नव्हते. न वापरता मेले होते.

डी. एस. आर. म्हणजे काय, ठाऊकाय? डेड स्टॉक रजिस्टर. शाळेत टेबल आलं, कपाट आलं, घंटा आली, कॉम्प्युटर आला, की या रजिस्टरात चढवायचा. म्हणजे ज्या दिवशी कॉम्प्युटर शाळेच्या दारात उतरतो त्याच दिवशी सरकारी भाषेत तो मेलेला माल असतो. मग पुढची दहा वर्षं सगळ्यांचं काम एकच. मढं सांभाळायचं.

मी शिकलो ती शाळा इथून लांब नाही. नाव घेत नाही, कारण एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. मी सातवीत असताना तिथं कॉम्प्युटर आले. नारळ फुटला. फीत कापली. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग खोलीला कुलूप. तीन वर्षांत मी त्या खोलीत दोनदा गेलो. एकदा तपासणीला साहेब येणार होते म्हणून आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि हात मांडीवर ठेवायला सांगितले. दुसऱ्यांदा गेलो ते खोली झाडायला. झाडायला कोणाला पाठवलं हे विचारू नका. आमच्याच वस्तीतली आम्ही चार पोरं होतो.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण माणसाला शिव्या दिल्या की व्यवस्था हसत हसत निसटून जाते. त्याच्या डोक्यावर रजिस्टर होतं. कीबोर्ड तुटला तर खुलासा द्या. चोरी झाली तर पोलीस ठाण्यात जा, वसुलीची टांगती तलवार वेगळीच. बंद पडलेलं यंत्र काढून टाकायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, वरून मंजुरीची वाट बघा. पण कॉम्प्युटर तीन वर्षं कुलपात राहिला तर? काहीच होत नाही. एक ओळीचा खुलासासुद्धा कुणी मागत नाही. जिथं वापरणाऱ्याला धाक आणि न वापरणाऱ्याला माफी, तिथं शहाणा माणूस कुलूपच लावणार.

* * *

आता म्हणतात, नियोजन करू. दीर्घकालीन नियोजन. डिजिटल वर्ग, स्मार्ट बोर्ड, टॅब्लेट, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता. ऐकायला झकास वाटतं. पण यांच्या नियोजनाची वही उघडा, आत खरेदीची यादी असते. किती नग, काय दर, कोणाचा ठेका. यादी म्हणजे नियोजन नव्हे. लग्नाचा बस्ता बांधला म्हणजे संसार होत नाही.

जरा मागं जाऊन बघा. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांत कॉम्प्युटर नेण्याचा पहिला मोठा प्रयोग सुरू केला. ब्रिटनमधली बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं आणली. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, १९८७ पासून खडू-फळा योजना आली. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य. साहित्याच्या पेट्या आल्या. भिंग हरवेल म्हणून पेटीला कुलूप. त्याच सुमाराला दुसऱ्या एका योजनेतून शाळांना टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेयर दिले. डिसेंबर २००४ मध्ये आयसीटी योजना आली, २०१० साली तिला नवा सदरा शिवला. आपल्या राज्यात तिची रीत अशी की, कंपनीनं यंत्रं आणायची, मास्तर कंपनीनंच ठेवायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेच्या गळ्यात टाकून निघून जायचं. पाच वर्षं संपली. यंत्रं जुनी झाली होती ती शाळेला मिळाली. मास्तर जुना झाला नव्हता, तो रस्त्यावर आला. संगणक शिक्षकांचे मोर्चे ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. ज्या माणसाला ते यंत्र चालवता येत होतं, नेमका तोच काढून टाकला. घोडं ठेवलं, खोगीर ठेवलं आणि स्वार हाकलला.

मग २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय. डिजिटल शाळांची लाट आली. इथं खरं ते बोललं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या कित्येक मास्तर-बाईंनी पदरचे पैसे घातले, गावात फिरले, लोकवर्गणी जमवली, पोरांसमोर पडदा लावला. त्यांना सलाम. पण लोकवर्गणी म्हणजे काय हो? बागायती गावात चार पुढारी उभे राहिले की दिवसात लाख जमतो. आमच्या वस्तीत सगळ्या बाया रोजंदारीवर, सगळे बाप नाक्यावर. तिथं वर्गणी कोणी द्यायची? शाळा सरकारची, सक्ती सरकारची, आणि टीव्हीचे पैसे मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. म्हणजे ज्याच्या घरात आहे त्याच्याच शाळेत येणार.

ही काही नवी गोष्ट नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामानं आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडं. तेव्हाचे साहेब म्हणत, वरच्यांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपत येईल. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, आम्ही खाली ओंजळ धरून उभे आहोत. आता म्हणतात, तंत्रज्ञान झिरपेल. वरच्या शाळेत टॅब्लेट, मधल्या शाळेत स्मार्ट बोर्ड, आमच्या शाळेत स्मार्ट बोर्डाचा फोटो.

* * *

हिशेब मांडू. समग्र शिक्षा योजनेत आयसीटी प्रयोगशाळेला एकदाच मिळतात ६ लाख ४० हजारांपर्यंत. पुढं चालवायला वर्षाला २ लाख ४० हजार, तेही पाच वर्षं. बरं. सहाव्या वर्षी काय? सहाव्या वर्षी शाळेच्या हातात उरतं संयुक्त शाळा अनुदान. शंभरापर्यंत पोरं असतील तर वर्षाला २५ हजार, अडीचशेपर्यंत असतील तर ५० हजार, आणि तीसच्या आत असतील तर १० हजार. यातच खडू, यातच नळाची तोटी, यातच रंगरंगोटी, यातच लाइटबिल, यातच दहा टक्के स्वच्छतेवर. या पैशात प्रोजेक्टरचा दिवा बदलायचा की संडासाचं दार? मास्तर दार बदलतो. बरोबर करतो. पोरीबाळींची शाळा आहे.

आणि लाइटबिल! बिल थकलं म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. भिंतीवर लिहिलेलं 'डिजिटल शाळा' आणि मीटरची वायर कापलेली.

यू-डायसच्या २०२४-२५ च्या आकड्यांत देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आहे. आहे म्हणजे रजिस्टरात आहे. एका पोराच्या बोटाखाली तो आठवड्यात किती मिनिटं येतो, हा खरा आकडा. तो कोणी विचारत नाही. प्रश्नच नाही तर उत्तर कुठून येणार?

अजून एक बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार काढून घेतला. दूरवर अमेरिकेत कंपनीनं एक तारीख ठरवली आणि इथं कितीतरी चालती यंत्रं एका रात्रीत म्हातारी झाली. नवी विंडोज त्यांना पेलत नाही, जुनीला राखण नाही. आमच्या पोरांच्या शाळेचं आयुष्य कंपनीच्या कॅलेंडरवर. याला नियोजन म्हणायचं का सालगडीपण?

आणि हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. पेरू देशानं गरीब खेड्यांतल्या शाळांत लाखो लहान लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये अभ्यास निघाला, तर गणितात आणि भाषेत पोरांची काही प्रगती दिसली नाही. लॅपटॉप दिले, मास्तरला शिकवायचं कसं ते दिलं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळा खात्यानं २०१३ साली प्रत्येक पोराला आयपॅड द्यायचा घाट घातला, अब्जाहून जास्त डॉलरचा. पुढच्याच वर्षी करार गुंडाळावा लागला. पैसा असून भागत नाही, हे श्रीमंताच्या घरी बघा.

* * *

मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्या भिंती उघड्या पडल्या. त्याआधीच २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनं सांगून ठेवलं होतं की देशातल्या खेड्यांत १४.९ टक्के घरांत इंटरनेट आहे, शहरांत ४२ टक्के. कॉम्प्युटर खेड्यांत ४.४ टक्के, शहरांत २३.४ टक्के. आकडे समोर असून वरून फर्मान आलं, शाळा बंद पण शिक्षण चालू.

आमच्या गल्लीत शिक्षण कसं चालू होतं ते सांगतो. घरात एक फोन. तो माय घेऊन जायची, धुण्याभांड्याच्या घरून बोलावणं यायचं तर फोन लागतोच. तास सकाळी दहाला. फोन घरी यायचा रात्री आठला. शेजारची पोरगी आठवीत होती. ती रात्री आठला सकाळचा तास बघायची आणि दहा मिनिटांत नेटपॅक संपायचा. शाळा उघडल्यावर बाई म्हणाल्या, ही मागं पडली. मागं पडली? तिला मागं ढकललं, बाई!

तिची माय एकदा मला म्हणाली, "बाबा, लेकरानं हात लावला तर तुटंल म्हन्तेत शाळंतले. आन् हात लावल्याबिगर शिकंल कसं?" सगळ्या आयोगांचे अहवाल एका पारड्यात घाला आणि हे वाक्य दुसऱ्या पारड्यात.

त्याच वर्षांत खासगी ॲपवाल्यांचं पीक आलं. हप्त्यानं कर्ज काढून लोकांनी पोरांसाठी कोर्स घेतले. त्यातलं सगळ्यात मोठं नाव बायजूज. २०२४ च्या जुलैत तेच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात उभं राहिलं. बाजाराच्या भरवशावर पोरांचं शिक्षण टाकलं की असं होतं. सरकारी शाळा दिवाळखोरीत जात नाही, तिला फक्त उपाशी मारता येतं.

* * *

आपल्यातले काही मित्र म्हणतात, "जाऊ दे ना यार. आम्हाला कॉम्प्युटर नको. आधी मास्तर द्या, फळा द्या, संडास द्या." मला हे पटत नाही. अर्धं पटतं, अर्धं नाही.

मास्तर पाहिजेच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, प्राथमिकला तीस पोरांमागं एक, उच्च प्राथमिकला पस्तिसामागं एक. ज्या शाळेत चार वर्गांना एक मास्तर, तिथं स्मार्ट बोर्ड लावणं म्हणजे मास्तर न देण्याची पळवाट. ती पळवाट आपण बंद केलीच पाहिजे. यंत्र मास्तरच्या हातात पाहिजे, मास्तरच्या जागी नाही.

पण 'आम्हाला नको' हे कोणी म्हणायचं? शहागंजात गांधींचा पुतळा आहे. गांधींचा यंत्रावरचा राग सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात नेमकं त्याच्या उलट मांडलं. यंत्रानं माणसाला राबण्यातून सवड मिळते आणि सवड मिळाल्याशिवाय माणसाला संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्र कोणाच्या मालकीत आहे त्याचा आहे. याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. उजाड माळावर नागसेनवन उभं केलं. मराठवाड्यातल्या ज्या पोरांच्या बापाला पाटी माहीत नव्हती त्यांच्यासाठी. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आधी चार पिढ्या पाटी गिरवा, मग कॉलेज बघू. सगळ्यात मागं ठेवलेल्याला सगळ्यात नवी गोष्ट मिळाली पाहिजे, हा त्या माळावरचा धडा आहे. शिळं अन्न, जुने कपडे, उरलेली जमीन पिढ्यान्पिढ्या घेतली. उरलेला कॉम्प्युटर घेणार नाही.

* * *

मग होऊ शकतं का दुसरं काही? होऊ शकतं. केरळ बघा. २००१ साली त्यांनी शाळांसाठी आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला. खात्यातल्याच शिक्षकांना तयार केलं, त्यांनी बाकीच्या शिक्षकांना. ठेकेदाराचा भाडोत्री मास्तर नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर सोडून मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत आणि कुणाच्या तारखेची भीती नाही. २०१७ मध्ये त्याच कामाला सरकारी कंपनीचं रूप दिलं. पंचेचाळीस हजार वर्ग सजवले. शाळेतल्या पोरापोरींचीच पथकं केली, यंत्र बिघडलं तर तीच आधी हात घालतात. वीस वर्षं एकच धोरण, सरकारं बदलली तरी. याला म्हणतात नियोजन.

आणि तरीही. जून २०२० मध्ये त्याच केरळात ऑनलाइन शाळा सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी एका दलित शाळकरी पोरीनं जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला, फोन नाही. सगळ्यात चांगलं नियोजनसुद्धा त्या एका घरापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो, नियोजन शेवटच्या घरापासून सुरू करा. पहिल्या घरापासून सुरू केलं की शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर पैसे संपतात आणि कधीकधी माणूस संपतो.

आपल्या शहरात काय आहे? २०१६ साली स्मार्ट सिटीत नाव लागलं. त्या पैशातून महापालिकेच्या शाळांत कामं झाली. झाली ते चांगलंच झालं, मी नाक मुरडणार नाही. पण स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. आता त्या पडद्यांचं, त्या यंत्रांचं पुढच्या दहा वर्षांचं बजेट कोणत्या पानावर आहे? महापालिकेचा शिक्षण विभाग वेगळा, जिल्हा परिषदेचा वेगळा, अनुदानित संस्था वेगळ्या. जयभीमनगरचं पोरगं पाचवीला एका दारात, नववीला दुसऱ्या दारात. दोन्ही दारांची मिळून एक योजना नको?

आमचं म्हणणं साधं आहे.

एक. वीस यंत्रं एकदम घेऊ नका. दर वर्षी चार घ्या. यंत्राचं आयुष्य पाच वर्षं धरलं तर पाच वर्षांत वीस होतात आणि सहाव्या वर्षी पहिली चार बदलायची वेळ येते. शाळेत कायम चालती यंत्रं राहतात. फीत कापायला पुढाऱ्याला मोठा सोहळा मिळणार नाही, एवढाच तोटा.

दोन. खरेदीच्या पैशाबरोबर वीज, दुरुस्ती आणि माणूस यांचा दहा वर्षांचा पैसा त्याच ठरावात लिहा. नसेल तर खरेदी करू नका.

तीन. मुक्त सॉफ्टवेअर. आणि मराठीबरोबर उर्दूत. शहागंजच्या अवतीभवती बरीच पोरं उर्दू शाळांत जातात. त्यांच्या वाट्याला इंग्रजी पडदा आणि गप्प मास्तर येऊ देणार नाही.

चार. दुरुस्तीला वस्तीतली आयटीआय झालेली पोरं घ्या, पगारावर. पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत इथं सत्र संपतं.

पाच. मोडलं म्हणून वसुली नाही. वापरताना मोडलं तर शाबासकी. कुलपात राहिलं तर खुलासा. नियम उलटा करा.

सहा. मास्तरला ॲपच्या बिगारीतून सोडवा. सकाळी हजेरी मोबाईलवर, दुपारी माहिती पोर्टलवर, संध्याकाळी फोटो ग्रुपवर. तंत्रज्ञानानं मास्तरचा वेळ वाचायला पाहिजे होता, इथं तंत्रज्ञान मास्तरलाच खातंय.

* * *

हे कोण करणार? ते करणार नाहीत. आपण करायचं. आणि हातात काहीच नाही असं रडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण माणसं पालक असायला पाहिजेत, निम्म्या बाया, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ सांगतं, शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा. तीन वर्षांचा. म्हणजे कायद्यानं नियोजन करायचा अधिकार माझ्या मायला दिलाय. तिला ते कुणी सांगितलं का? तिच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतात आणि चहा पाजून पाठवतात.

शहागंजचा तो घड्याळ-टॉवर तुम्ही रोज बघता. निजामाच्या काळातला. कित्येक वर्षं त्याचे काटे एकाच जागी उभे होते. आमच्या बापाच्या पिढीनं त्याच्याखाली उभं राहून दुसऱ्याला वेळ विचारली. मग दुरुस्ती झाली, रोषणाई झाली, लोक फोटो काढायला आले. छान. पण घड्याळ बसवणारा एक दिवस येतो, राखणारा रोज यावा लागतो. टॉवरपाशी थांबून हे एकदा डोक्यात घ्या आणि मग शाळेकडं चला.

येत्या सोमवारी आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. एकटं जाऊ नका, मायला, मावशीला, शेजारणीला बरोबर घ्या. मास्तरशी भांडू नका, तो आपलाच माणूस आहे. तीन गोष्टी मागा. समितीच्या सभासदांची यादी. शाळा विकास आराखडा. आणि डेड स्टॉक रजिस्टर. नाही म्हणाले तर दहा रुपयांत माहितीचा अर्ज टाका. रजिस्टर मिळालं की कॉम्प्युटरच्या नोंदीवर बोट ठेवा आणि त्या खोलीची किल्ली मागा.

किल्ली मिळाली की आधी पोरांना आत सोडा. झाडायचं नंतर बघू.